शून्याखालची रेघ

आमोण्याच्या धक्क्याला बार्ज लागली की
इनासमाम आधी पाण्याकडे बघत, मग आकड्यांकडे.
बार्जच्या कुशीवर पांढऱ्या रंगात मीटरच्या खुणा,
मांडवी त्यांना चाटत वर-खाली.
"किती, बाय?"
"दोन पूर्णांक चार... तीन."
"चार दिसला. आणि तीन?"
"तीन वाटला."
"लिही. वाटलेला एक आकडा चालतो.
दुसरा वाटायला लागला तर घरी जा."

पुढे, मध्ये, मागे,
मग होडीतून पलीकडची बाजू.
पाण्याचं वजन निराळं, ओहोटीला हलकं, भरतीला खारं.
बादलीत काचेची नळी डुलायची
आणि ती थांबेपर्यंत आम्ही दोघं श्वास धरून.

शेडमध्ये बेरजा, सरासरी, कोष्टक,
भरलेल्या बार्जमधून रिकामी वजा.
कॅल्क्युलेटर म्हणाला
१३८७.४६२९ टन.
मी सगळं सुवाच्य उतरवलं. नवी नोकरी,
बीएस्सीला फर्स्ट क्लास.
मामांनी कानावरची लाल पेन्सिल काढली.
"सातापासून पुढचं नदीने सांगितलेलं नाही.
ते बॅटरीने सांगितलं."
आणि लिहिलं: १३९०.

"मग हा शून्य?"
"तो सार्थ नव्हे. तो जागा धरून बसलाय,
म्हापशाच्या बसमध्ये रुमाल टाकतात तसा.
खरोखर मापलेला शून्य असला
तर त्याच्याखाली रेघ मारायची."

करापूरकर साहेबांना दशांश हवे असत.
दशांशात पैसे असतात, ते म्हणत,
आणि त्यांचा टाय पंख्याखाली हलायचा.
मामा म्हणत, सायबा,
फेस्ताच्या मिरवणुकीत सगळ्यात म्हातारी बाई जशी चालते
तशीच सगळी मिरवणूक चालते.
आमच्यातली म्हातारी म्हणजे ती लाट.
साहेब हसले नाहीत.
त्या वर्षी मामांची पगारवाढ झाली नाही
(किती, ते मला नक्की ठाऊक आहे: शून्य, रेघेसकट).

एकदा मी विचारलं, बार्जवर खलाशी सात,
ते सात की अंदाजे सात?
मामा पहिल्यांदाच रागावले.
"माणसं मापत नाहीत, मोजतात.
मोजलेलं सात म्हणजे सात.
त्याच्यापुढे हवे तेवढे शून्य लाव, सगळे खरे."

मग खाण बंद झाली.
बार्जी चिखलात कलंडल्या, खुणांवर शेवाळ.
मी पणजीला, एका बँकेत,
जिथे पैशापर्यंत सगळं जुळतं
आणि कुणालाच काही वाटत नाही.

बुधवारी मामा गेले.
आलेशुचा स्विंडनहून फोन: दगडावर वय काय घालायचं?
पासपोर्टात त्र्याहत्तर, मतदान कार्डात एकोणसत्तर,
बाप्तिस्म्याचं पान वाळवीने खाल्लेलं.
मी म्हटलं, ते स्वतः काय सांगायचे?
"सत्तर. गेली आठ वर्षं सत्तरच."

दिवाडीला फेरीने गेले.
पाणी फेरीच्या कडेला थपथप करत होतं
आणि मी नकळत वाचत होते: चार दिसला, तीन वाटला.
मातीला माणसं अकरा आली. मी मोजली.
अकरा म्हणजे अकरा.
करापूरकर साहेब त्यांच्यात होते,
टाय नव्हता.

रामनाथ च्यारीने दगड घासून ठेवला होता,
नाव कोरून झालं होतं, सातावर छिन्नी चालू होती.
शून्य त्याने फार हळू काढला,
कड मोडू नये म्हणून तीनदा फुंकर घातली.
मग टाचेवर बसून म्हणाला,
"रिकामं दिसतं. शून्याखाली एक रेघ ओढू काय,
नक्षीला?"

"नको," मी म्हटलं.
"तेवढी नको."